डॅशबोर्डवरच्या अकरा रेघा

माझ्या सासऱ्यांनी प्लास्टिकच्या एका छोट्या मोटारीत काढलेल्या अकरा रेघा मी थिनरने पुसून टाकल्या आणि त्या वाकड्या होत्या असं त्यांना सांगितलं. त्या वाकड्या नव्हत्या. एवढीच गोष्ट आहे, आणि ती दोन ओळींत मावते म्हणून लहान आहे, असं मी बरीच वर्षं स्वतःला समजावत आलो.

तेव्हा आम्ही पुण्याबाहेर, मांजरी गावात, नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलो होतो. नव्या शतकाची पहिली दोन-चार वर्षं. आमच्या इमारतीला इटलीतल्या एका शहराचं नाव होतं, फाटकावर सिमेंटचे दोन सिंह होते आणि बाल्कनीतून थेट ऊस दिसायचा. सोसायटीच्या पहिल्या सभेत सिंहांना कोणता रंग द्यावा यावर दीड तास चर्चा झाली. पाणी दिवसाआड का येतं, हा विषय वेळेअभावी पुढच्या सभेवर गेला. मी नारायण पेठेत वाढलेला. दुसऱ्याच्या थाटामाटावर हसायचं शिक्षण तिथे घरबसल्या मिळतं. लग्नातली वरात, सत्काराची शाल, ऑफिसच्या भिंतीवर चौकटीत लावलेली कंपनीची ध्येयं, सगळ्यांवर माझ्याकडे एकेक शेरा तयार असायचा. असा माणूस स्वतः कशापुढे मान तुकवतो, हे त्याचं त्याला फार उशिरा कळतं.

मी तुकवत होतो ती अमेरिकन मोटारींपुढे. खऱ्या नव्हे, खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढ्या. येरवड्याच्या पलीकडे काचेच्या इमारती उठत होत्या. त्यांतल्या एकीत मी अमेरिकेतल्या विमा कंपनीचं सॉफ्टवेअर सांभाळत असे. त्या कामासाठी मला सहा महिने तिकडे पाठवलं होतं. बरोबरचे लोक येताना कॅमेरे आणि अत्तरं घेऊन आले. मी एक खोका आणला. त्यात प्लास्टिकचे शंभरेक सुटे भाग होते, आणि ते जोडले की वीतभर लांबीची मसल कार तयार होणार होती. मसल कार म्हणजे साध्या दोन दारांच्या गाडीच्या अंगात नको तेवढ्या ताकदीचं इंजिन कोंबून तिकडे एके काळी काढलेली मोटार. सरळ रस्त्यावर ती फार जोरात जाते. वळणं तिला फारशी जमत नाहीत. मांजरीच्या रस्त्यावर ती पहिल्याच खड्ड्यात पोट टेकून बसली असती.

हे खोके नुसते चित्रात दाखवल्याप्रमाणे जोडणं कमीपणाचं समजतात. शौकीन माणूस त्यात स्वतःचे बदल करतो. मागची चाकं रुंद करतो, बॉनेट कापून इंजिन वर काढतो, मोटरच्या वाइंडिंगमधली केसासारखी तांब्याची तार आणून इंजिनाचं वायरिंग करतो. मी हे सगळं करत होतो. रंग बाल्कनीत मारायचो, आणि शेजारच्या शेतात पाचट पेटवलं की ओल्या रंगावर काळी राख येऊन बसायची. मग पुन्हा घासायचं, पुन्हा मारायचा. असं तीनदा झालं. बायकोने विचारलं की शेतकऱ्याला तुझं वेळापत्रक पाठवायचं का.

इंटरनेटवर या शौकिनांचा एक गट होता. गाडी आपल्या मनासारखी करा, असं त्यांचं तत्त्व. फक्त ते मन चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकन तरुणाचं असलं पाहिजे. एखाद्याने नारंगी रंग दिला तर तो त्या काळचा नारंगी आहे की नाही, यावर तिकडचा कोणी निवृत्त गृहस्थ दोन-दोन पानं लिहायचा. त्याचं नावही मला माहीत नव्हतं, कारण तिथे सगळे टोपणनावांनी वावरायचे. सिंहांच्या रंगावर हसणारा मी ही पानं छापून घेऊन ऑफिसच्या बसमध्ये वाचायचो.

पुण्यातही अशी पंधरा-वीस मंडळी होती. त्यांनी त्या वर्षी नारायण पेठेतल्या एका छोट्या हॉलमध्ये प्रदर्शन आणि स्पर्धा ठरवली होती. परीक्षक म्हणून मुंबईहून एक संग्राहक येणार होते. माझी गाडी त्या स्पर्धेसाठी तयार होत होती, आणि त्याच सुमाराला सासरे डोळ्याच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे आले.

सासरे वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावचे. बसच्या वर्कशॉपमध्ये त्यांनी उभी नोकरी मीटरवर केली. ड्रायव्हरच्या पुढ्यात जी वेगाची, डिझेलची, तेलाची घड्याळं असतात ती उघडायची, दुरुस्त करायची, आणि उन्हाने आकडे उडाले असतील तर तबकडी काळी रंगवून त्यावर ब्रशने आकडे नि रेघा नव्याने काढायच्या. निवृत्त झाल्यावर हेच काम ते घरी करू लागले. स्कूटर, जीप, ट्रॅक्टर, काय येईल ते. सासूबाई गेल्यानंतर घरात ते एकटेच होते, आणि मीटर घेऊन येणारी माणसं हीच त्यांच्याकडे येणारी माणसं होती. मग दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आले आणि ते काम थांबलं. वर्षभर मीटर पिशवीत बांधून ठेवले होते, लोकांना सांगितलं होतं की डोळा झाला की देतो.

पुण्यातल्या डॉक्टरांनी आधी उजवा डोळा करू आणि काही महिन्यांनी डावा, असं सांगितलं. मी बरोबर होतो. सासऱ्यांनी एकच प्रश्न विचारला. दोन-तीन केसांच्या ब्रशाने रेघ मारता येईल का? डॉक्टर भले होते, पण घाईत होते. आजोबा, पेपर वाचाल, टीव्ही बघाल, नातवंडांची तोंडं ओळखाल, असं म्हणाले. बाहेर आल्यावर सासरे म्हणाले, मी रेघेचं विचारलं, यांनी तोंडाचं सांगितलं. त्यांना नातवंडं नव्हती.

ऑपरेशन चांगलं झालं. दीड महिन्यानंतर चष्म्याचा नंबर मिळाला आणि डॉक्टरांनी भिंतीवरची शेवटची ओळ वाचून घेतली. घरी आल्यावर सासऱ्यांचं समाधान नव्हतं. डॉक्टरची अक्षरं पाटीवरची असतात, माझं काम बोटाच्या पेरावरचं, असं ते म्हणायचे. बायको मला स्वयंपाकघरात म्हणाली, "बाबांचा जीव त्या रेघेत अडकलाय. ती मारता येत नसेल तर ते तिकडे करणार काय?" आमच्या घरी मीटर नव्हता, नाहीतर त्यांनी तेव्हाच हात चालवून पाहिला असता.

मग मला सुचलं. याचं श्रेय मी त्या वेळी घेतलं होतं, म्हणून इथेही घेतो. मी त्यांच्यापुढे माझ्या गाडीचा डॅशबोर्ड ठेवला. दोन बोटं रुंदीची प्लास्टिकची पट्टी, तिच्या डाव्या टोकाला उठावाची घड्याळं, त्यांतलं वेगाचं घड्याळ तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढं. हे खातं तुमचं, मी म्हणालो. त्यांनी विचारलं, कसं करायचं? मी ऐटीत सांगितलं की याला कस्टमाइझ करणं म्हणतात, म्हणजे गाडी आपल्या मनासारखी करायची. घड्याळांवर काळा रंग दिला आणि चारदोन पांढरे ठिपके टाकले की झालं, एवढंच माझ्या मनात होतं. ते मात्र मी बोललो नाही. दुसऱ्या दिवशी मी कंपनीच्या कामासाठी चार दिवस बंगलोरला गेलो.

परत आलो तेव्हा सासरे बाल्कनीतल्या टेबलाशी बसले होते. पुढ्यात पांढरा रुमाल अंथरला होता, त्यावर डॅशबोर्ड. त्यांनी घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग माझ्या हातात दिलं आणि बाजूला सरकले.

घड्याळं डावीकडून उजवीकडे गेली होती. त्यांनी ती पट्टी दोन ठिकाणी कापून टोकांची अदलाबदल केली होती आणि सांधे पावडर नि गोंदाने असे भरले होते की बोट फिरवून कळत नव्हते. स्टिअरिंगच्या दांड्याचं भोक उजवीकडे पाडलं होतं. गाडीच्या तळावरचे पेडलसुद्धा उपटून उजव्या बाजूला बसवले होते. इथं चालवायची तर स्टिअरिंग उजवीकडेच पाहिजे, असं त्यांनी समजावलं. गाडी मनासारखी करायची, असं मीच तर सांगितलं होतं.

आणि ते डाळीएवढं घड्याळ. कंपनीने त्यावर मैल दाखवले होते. ते खरवडून त्यांनी तबकडी काळी केली होती आणि शून्यापासून दोनशे किलोमीटरपर्यंत, दर विसाला एक, अशा अकरा रेघा काढल्या होत्या. टोकाच्या दोन रेघांशी आकडेही होते. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक रेघ तबकडीच्या बरोबर मध्याकडे पाहत होती, सगळ्या सारख्या लांबीच्या, दोहोंमधलं अंतर सारखं. लाल काटा शून्यावर. मी तो शून्यावर का, असं विचारलं.

"गाडी उभी हाय ना जी," ते म्हणाले.

मी वा वा केलं. त्यांना ते पुरेसं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी गावी फोन लावला आणि शेजाऱ्याला सांगितलं की पिशवीतले मीटर उन्हात ठेवून घे, मी येऊन काम सुरू करतो.

पुढचा आठवडाभर मी ऑफिसात विम्याचं सॉफ्टवेअर दुरुस्त करत होतो आणि डोक्यात एकच चित्र होतं. मुंबईचे परीक्षक वाकून पाहताहेत आणि म्हणताहेत, उजव्या हाताची मसल कार? किलोमीटरमध्ये? गटावर फोटो टाकला तर तिकडचे गृहस्थ काय लिहितील, तेही मला शब्दशः ऐकू येत होतं. हसतील, एवढीच भीती होती. ज्यांची नावं मला ठाऊक नव्हती असे लोक मला हसतील.

शनिवारी सकाळी बायको त्यांना तपासणीसाठी घेऊन गेली. मी डॅशबोर्ड बाहेर काढला. सांधे सापडेनात, म्हणून रंग खरवडून शोधावे लागले. पट्टी पुन्हा कापली, टोकं पुन्हा फिरवली. माझे सांधे दिसत होते, ते मी रंगाखाली दडवले. मग कान कोरायची काडी थिनरमध्ये बुडवून त्या घड्याळावर फिरवली. पहिल्या फेरीत आकडे गेले. दुसरीत रेघा पसरून करड्या झाल्या. तिसऱ्या फेरीला तिथे काही नव्हतं. खोक्याबरोबर आलेलं मैलांचं चित्र पाण्यात भिजवून मी त्यावर चिकटवलं, पेडल डावीकडे नेले, काचा बसवल्या आणि छत लावून टाकलं. आता आत पाहायचं तर खिडकीला डोळा लावावा लागणार होता. असं कोणी करणार नाही, हा माझा हिशेब.

सासऱ्यांना मी सांगितलं की गाडी पुरी झाली. त्यांनी ती हातात घेतली नाही, कारण रंग ओला आहे असं मी म्हणालो होतो. प्रदर्शनाला मात्र ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, टोपी घालून.

हॉलमध्ये व्हायचं ते सगळं झालं. दीपप्रज्वलनाची समई वाऱ्याने दोनदा विझली. प्लास्टिकच्या खेळण्यांशी खेळणाऱ्या आम्हा प्रौढ पुरुषांना उद्देशून एका वक्त्यांनी राष्ट्रउभारणीवर भाषण केलं. एरवी मी शेवटच्या रांगेत बसून यावर आठवडाभर पुरेल इतकं जमवलं असतं. त्या दिवशी मी पहिल्या रांगेत होतो आणि परीक्षक माझ्या टेबलापाशी कधी येतात तिकडे पाहत होतो. ते आले. उभ्यानेच पाहिलं, टायरवरची पांढरी अक्षरं जरा ठळक झालीत असं म्हणाले, आणि पुढच्या टेबलावरच्या रणगाड्याकडे वळले. आत त्यांनी पाहिलं नाही. कोणीच पाहिलं नाही. मला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. गुलाबाचं फूल घेऊन मी व्यासपीठावरून उतरत होतो, तेव्हा मला सासरे दिसले.

ते माझ्या टेबलापाशी एकटे उभे होते. त्यांनी खिशातून भिंग काढलं, चष्मा कपाळावर सरकवला, कमरेतून वाकले आणि उजवा डोळा गाडीच्या खिडकीला लावला. तसे ते बराच वेळ राहिले. मग सरळ झाले, भिंग शर्टाच्या टोकाने पुसलं, पुन्हा वाकले, आणि या वेळी लगेच उठले. मी जवळ जाईपर्यंत भिंग खिशात गेलं होतं. बक्षीस मिळालं, छान झालं, ते म्हणाले. घरी येताना रिक्षात ते रस्त्यावरच्या पाट्या वाचत होते, मोठ्याने, एकेक.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाल्कनीत आम्ही दोघेच चहा घेत होतो.

"जवाईबापू, एक विचारतो. मन राखायसाठी सांगू नका," ते म्हणाले. "रेघा हालल्या होत्या काय?"

मी बिस्कीट चहात बुडवलं.

"मले सरळ दिसत होत्या. पण मले दिसत होत्या म्हणजे काय, नाही काय? म्हणून तुम्ही काढून टाकल्या."

त्यांनी कारण स्वतःच शोधून माझ्यापुढे ठेवलं होतं. मला फक्त नाही म्हणायचं होतं. रेघा चोख होत्या, मला लोकांच्या हसण्याची भीती वाटली म्हणून पुसल्या, असं एक वाक्य. ते वाक्य जुळवताना मला त्यातला मी दिसला, आणि तो मला आवडला नाही.

"थोड्याशा," मी म्हणालो. "अगदी थोड्या."

त्यांनी मान डोलावली. बशीतला चहा संपवला, कप उचलून आत नेऊन धुऊन ठेवला. त्या आठवड्यात ते गावी गेले.

पुढचं आम्हाला फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं. पिशवीतले मीटर त्यांनी लोकांना परत केले. ब्रश, रंगाच्या बाटल्या, चिमटे हे सगळं स्टँडसमोर मीटर दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला देऊन टाकलं. दुपारचं काय करता, असं बायकोने विचारलं तर म्हणाले, पेपर वाचतो, डॉक्टरनं सांगितल्यासारखा. आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन नको म्हणाले. एक केला, त्याचा काय उपयोग झाला? डाव्या डोळ्याने दिसणं दर महिन्याला कमी होत होतं. डॉक्टर म्हणाले, उजवा उत्तम आहे, हे घाबरतात कशाला? बायको हे मला सांगायची आणि म्हणायची, मला कळतच नाही, इथे असताना तर इतके खूश होते. मी म्हणायचो, म्हातारपण. हा शब्द मी त्या वर्षात किती वेळा वापरला ते सांगवत नाही.

गाडी दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात होती. तिचे फोटो मी गटावर टाकले होते. तिकडच्या त्या गृहस्थांनी एका ओळीत कळवलं की आरसे चुकीच्या वर्षाचे आहेत. डॅशबोर्डबद्दल ते काही बोलले नाहीत. फोटोत तो दिसतच नव्हता.

वर्षभराने, दिवाळीत, आम्ही गावी गेलो. समोरच्या खोलीत त्यांचं कामाचं टेबल तसंच होतं, त्यावर पेपरांची रद्दी नीट रचली होती. दारात आम्हाला पाहून त्यांनी मान किंचित डावीकडे वळवली, म्हणजे उजव्या डोळ्यासमोर आम्ही येऊ. डावा आता नावालाच होता. जेवणानंतर बायकोने पुन्हा ऑपरेशनचा विषय काढला. ते शांतपणे म्हणाले की पुण्याच्या डॉक्टरला दोष नाही, त्याने त्याचं काम केलं, पण कामाचा डोळा गेला तो गेला, आता उरलेल्याला कापाकापी कशाला? बायको रडकुंडीला आली. तेव्हा मी बोललो.

"बाबा, रेघा हलल्या नव्हत्या. एकही नाही. मी खोटं बोललो. उजव्या हाताची गाडी पाहून लोक हसतील म्हणून मी त्या पुसल्या."

ते माझ्याकडे पाहत राहिले, तसेच मान वळवून. मग हसले. फार मायेने हसले.

"भले माणूस हा तुम्ही, जवाईबापू. माझ्या डोळ्यासाठी एवढं?"

मी शपथ घेतली. ते म्हणाले, शपथ नका घेऊ दिवाळीच्या दिवशी. बायको म्हणाली, बाबा, तो खरं बोलतोय. ते म्हणाले, नवऱ्याची बाजू घेतलीच पाहिजे, चांगलं आहे. मी म्हणालो, आणा कागद, आणा पेन, आत्ता काढून बघा एक रेघ. त्यांचं हसू गेलं. "एकदा पाहून घेतलं ना," ते म्हणाले, आणि मला कळलं की पुन्हा पाहायची त्यांची तयारी नाही. पुरावा म्हणून दाखवण्यासारखी एकच गोष्ट जगात होती आणि ती मी कानाच्या काडीने पुसली होती.

बायकोने विश्वास ठेवला. परतीच्या प्रवासात अर्ध्या वाटेवर तिने विचारलं, "कोण लोक हसणार होते?"

मी आठवून पाहिलं. दोन-तीन टोपणनावं आठवली. ती मला मोठ्याने म्हणता आली नाहीत.

महिन्याभराने सासरे डाव्या डोळ्यासाठी पुण्याला आले. आपणहून. जावयाने आपल्यासाठी खोटेपणा अंगावर घेतला, त्याचा शब्द कसा मोडायचा, असं त्यांनी लेकीला सांगितलं. म्हणजे डोळा झाला तो माझ्या कबुलीमुळेच, आणि त्यांनी ती खोटी मानली म्हणूनच.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी आम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाकावर बसलो होतो. त्यांच्या डोळ्यात थेंब घातले होते, कपाळावर पट्टी चिकटवून डावीकडे बाणाची खूण केली होती. शेजारी त्यांच्याच वयाचे, दाढी मेंदीने रंगवलेले एक गृहस्थ होते, त्यांच्या कपाळावरही तसाच बाण. ते शिंपी होते, पुण्यात शेरवान्या शिवणारी त्यांची तिसरी पिढी. त्यांचा पहिलाच डोळा होता. त्यांनी सासऱ्यांना विचारलं की तुमचा एक झालाय म्हणता, तर बारीक कामाचं कसं आहे? काजं करता येतील का, सुईत दोरा?

"वाचता येते," सासरे म्हणाले. "बारीक कामाचं विसरा, भाऊ. आपल्याले वाटते दिसते म्हणून."

शिंप्यांचे हात मांडीवर होते. ते त्यांनी एकात एक घातले. मला राहवलं नाही. मी पुढे वाकून त्यांना सांगितलं की तसं नाही, यांनी या डोळ्याने डाळीच्या दाण्यावर अकरा रेघा मारल्या होत्या, मी स्वतः भिंगातून पाहिल्यात, एक रेघ इकडची तिकडे नव्हती. तुम्हाला काजंही करता येतील, सगळं येईल. मी जरा मोठ्याने बोललो असेन, कारण समोरच्या बाकावरच्या बायका पाहू लागल्या.

शिंप्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. सासऱ्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि त्यांच्याकडे झुकून हळूच म्हणाले, "आमचे जवाई आहेत. दुसऱ्याचं मन राखायसाठी खोटं बोलतात."

"नशीबवान आहात," शिंपी म्हणाले. "आमचा जावई तर खरंसुद्धा बोलत नाही."

दोघेही हसले. तेवढ्यात नर्स आली आणि शिंप्यांना दंडाला धरून आत घेऊन गेली. दार बंद होईपर्यंत ते आपल्या बोटांकडे पाहत होते. सासऱ्यांनी पायातल्या चपला काढून बाकाखाली सरकवल्या आणि मला म्हणाले, यांच्याकडे लक्ष ठेवा, इथं चोरीला जातात. मी त्या उचलून मांडीवर घेतल्या.